पंचहौद चर्च, पुणे

पुण्याच्या गुरुवार पेठेतील ऐतिहासिक ख्रिस्ती प्रार्थनामंदिर. अधिकृत नाव पवित्र नाम देवालय. पुणेकर मात्र पंचहौदच म्हणतात. मूळचे अँग्लिकन पंथाचे हे चर्च १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे.

शहरातील बरीच जुनी चर्चे लष्कर भागात आहेत. गोऱ्या फौजेसाठी बांधलेले सेंट मेरीज (१८२५) तिथलेच, मेथॉडिस्टांचे ओल्डहॅम चर्चही तिथलेच. पंचहौद मात्र थेट पेठेत, वाड्यांच्या शेजाराला आणि मराठी मंडळीसाठी उभे राहिले. त्याचे खरे महत्त्व इथे आहे. काउली फादर्स आणि वाँटेजच्या सिस्टर्स या इंग्लंडमधील अँग्लिकन संन्यासी संघांनी इथले मिशन चालवले. एपिफनी आणि सेंट हिल्डाज या शाळा त्याच कामातून आल्या.

वास्तूचे अर्पण १८८५ मध्ये झाले. बांधणीवर इटालियन चर्चांची छाप आहे. सुमारे १३० फूट उंचीचा चौकोनी मनोरा ही तिची लांबूनही पटणारी ओळख. मनोऱ्यात इंग्लंडमधील लफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या आठ घंटा आहेत. हा संच इंग्रजी घंटावादनाच्या पद्धतीचा. त्यात प्रत्येक घंटेला स्वतंत्र दोर आणि दोरावर एकेक माणूस असतो. सूर वाजवायचा नसतो, तर घंटांचा क्रम ठरल्याप्रमाणे दर फेरीला बदलत न्यायचा असतो. एकाचा हात जरा मागेपुढे झाला की सगळी फेरी विस्कटते. पुण्यात असा संच असणे ही अपूर्वाईच आहे.

हिंदू धर्मशास्त्राचे गाढे पंडित नीलकंठशास्त्री गोरे ख्रिस्ती झाल्यावर फादर नेहेम्या गोरे म्हणून या मिशनमध्ये राहिले. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्याही वाँटेजच्या सिस्टर्सच्या ओळखीने.

घरोघरी हे नाव पोहोचवले ते चहाने. ऑक्टोबर १८९० मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने इथे व्याख्यान झाले. नंतर आलेल्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. पाहुण्यांत न्या. रानडे आणि टिळकही होते. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता हातात धरला. जोशींनी सगळ्यांची नावे ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापवली. ख्रिस्त्यांकडचा चहा घेणे तेव्हा धर्मबाह्य मानले जाई, त्यामुळे ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, पेटले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. आपण काशीला प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये ते घेतले, आणि त्यामुळे सुधारक मंडळी त्यांच्यावर नाराज झाली.