टँक (शब्द)

टँक : इंग्रजीतील एक नित्य वापराचा शब्द. साठवणीची टाकी, बांधीव तलाव आणि रणगाडा हे त्याचे प्रमुख अर्थ. व्युत्पत्ती वादग्रस्त असून त्या वादात मराठी ‘टाके’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या आरंभी, भारतात आलेल्या इंग्रजांच्या लेखनातून रुळला असावा; तेव्हा अर्थ तलाव वा दगडी हौद एवढाच होता. एच. एच. विल्सनच्या भारतीय महसुली व न्यायालयीन संज्ञांच्या कोशात (1855) मराठी ‘टांकें’ व गुजराती ‘टांख’ ही रूपे नोंदलेली आहेत. उलट, पोर्तुगीज ‘तांके’ हा शब्द पाणी अडवणे या अर्थाच्या ‘एस्तांकार’ या क्रियापदाशी जोडला जातो. वास्को द गामाच्या 1498 च्या सफरीच्या वृत्तांतात मलबारातील दगडी तळ्यासाठी तो येतो. खलाशांना भारतात येऊन जेमतेम काही महिने झाले होते; तेवढ्यात गुजराती-मराठी शब्द त्यांच्या तोंडी बसला असेल हे संभवत नाही. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाच्या (1886) संपादकांनी भारतीय आणि युरोपीय असे दुहेरी मूळ मानले आहे. दोन स्वतंत्र शब्द पश्चिम किनाऱ्यावर एकमेकांत मिसळले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मराठी शब्दाचे मूळही निर्विवाद नाही. संस्कृत ‘तडाग’ सुचवला जातो. पण त्यातील दंत्य ‘त’चा ‘ट’ कसा झाला आणि अनुस्वार कुठून आला, याचा उलगडा होत नाही. दुसरी शक्यता संस्कृत ‘टंक’ची : ‘टंक’ म्हणजे छिन्नी, मराठीतील पाथरवटाची टाकी. कातळात टाकीने खोदलेले ते टाके, अशी सांगड घालता येते. कान्हेरीत ती डोळ्यांना दिसते : लेण्याच्या अंगणाशेजारी कातळात चौकोनी तोंड, आत अंधारात पाणी, आणि पावसाचे पाणी तिथवर आणणारी खोदीव पन्हळ. मात्र तेथील प्राकृत शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे, त्यामुळे ‘टाके’ किती जुने हे लेण्यांवरून ठरवता येत नाही. शिवनेरीवरील गंगा-जमुना टाक्यांच्या नावात मात्र हा शब्द आजही आहे.

रणगाड्याचा अर्थ डिसेंबर 1915 मधला. इंग्लंडमधील लिंकन येथे बनणाऱ्या या गुप्त यंत्राला पाण्याची टाकी भासवण्यासाठी हे नाव दिले गेले. 15 सप्टेंबर 1916 रोजी पहिल्या महायुद्धातील सोमच्या (फ्रान्स) लढाईत ते प्रथम रणात उतरले आणि नाव कायमचे चिकटले. बिनबाह्यांच्या ‘टँक टॉप’मधील टँक म्हणजे पोहण्याचा तलाव.

तलाव हा जुना अर्थ भारतीय इंग्रजीत, विशेषतः दक्षिणेत, टिकून आहे. मुंबईत तो बुजलेल्या तलावांच्या नावांत उरला : सी. पी. टँक, गोवालिया टँक. यांपैकी दुसऱ्या ठिकाणी, आजच्या ऑगस्ट क्रांती मैदानात, 8 ऑगस्ट 1942 रोजी ‘छोडो भारत’ची हाक दिली गेली.