ड्वेमरांचा लोप

‘द एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेम मालिकेतल्या टॅम्रिएल खंडावरून ड्वेमर ही एल्फ जमात पहिल्या युगाच्या ७००व्या वर्षी एकाएकी नाहीशी झाली, ती घटना. गेममधले लोक ड्वेमरांना ‘ड्वार्फ’ म्हणत असले तरी ते बुटके नव्हते. ड्वेमर म्हणजे खोलातले लोक. डोंगरांच्या पोटात त्यांनी नगरे वसवली. तिथले वाफेवर चालणारे यांत्रिक कोळी आणि पहारेकरी धनी गेल्यावरही गस्त घालतात.

टॅम्रिएलच्या मॉरोविंड प्रांतातल्या रेड माउंटनखाली ड्वेमरांना लोरखान या देवाचे हृदय सापडले. कॅग्रेनॅक या त्यांच्या मुख्य स्वरशिल्पीने, म्हणजे सुरांच्या बळावर काम करणाऱ्या कारागिराने, त्यासाठी तीन अवजारे घडवली : हृदयातून सुराची शक्ती काढणारा हातोडा सन्डर, ती केंद्रित करणारे पाते कीनिंग आणि ही दोन्ही धरणाऱ्याला जिवंत ठेवणारा रेथगार्ड हा हातमोजा. या शक्तीवर तो न्युमिडियम हा पितळी देव उभा करत होता. शेजारच्या काइमर एल्फांना हा देवद्रोह वाटला. एकेकाळी नॉर्ड या उत्तरेकडच्या माणसांना मिळून हाकलणारे ड्वेमर राजा डुमॅक आणि काइमर सेनानी नेरेवार हे मित्र यावरून समोरासमोर आले.

लढाईच्या अखेरीस काय झाले, याची दोन कथने ‘मॉरोविंड’ (२००२) या गेममध्येच वाचायला मिळतात. नेरेवारचा साथीदार आणि पुढे देव मानला गेलेला व्हिवेक सांगतो की कॅग्रेनॅकनेच अवजारे हृदयावर चालवली आणि तो सोबत्यांसह दिसेनासा झाला. दुसऱ्या कथनात अवजारे नेरेवारच्या हाती येतात, हृदयाची शक्ती ड्वेमरांपासून तोडली जाते आणि रणांगणावर त्यांची धूळ होते. नेरेवारच्या खुनाचा संशय व्हिवेकवरही असल्याने त्याचा शब्द जपूनच घ्यावा.

खरा पुरावा माणसांच्या बोलण्यापेक्षा घटनांत आहे. हॅमरफेलमध्ये वेगळे राहणारे रूर्केन कुळही गेले, म्हणजे अंतराने कुणाला वाचवले नाही. वाचला तो याग्रम बागार्न, कारण त्या क्षणी तो या जगातच नव्हता, एका बाह्य लोकात होता. टेल फिर मनोऱ्याच्या तळघरात तो खेळाडूला भेटतो : कॉर्प्रस रोगाने सुजलेले धड, खाली कोळ्यासारखे यांत्रिक पाय. शेवटचा ज्ञात ड्वेमर असूनही नेमके काय घडले ते त्यालाही ठाऊक नाही. अवजारांचे काम मात्र तो जाणतो. मुख्य कथेच्या नेहमीच्या वाटेने रेथगार्ड मिळाला नाही, तर तो चालू करून देणारा हाच.

अवजारे वापरताना क्रम चुकवून चालत नाही. आधी रेथगार्ड घालायचा, मग हृदयावर सन्डरचा घाव आणि त्यानंतर कीनिंगचे वार. रेथगार्डशिवाय कीनिंग किंवा सन्डर वापरायला हातात घेतले की तब्येत झपाट्याने घटते आणि खेळाडू मरू शकतो.

‘स्कायरिम’मध्ये (२०११) विंटरहोल्डच्या विद्यालयातला आर्निएल गेन कॅग्रेनॅकचा प्रयोग पुन्हा करू पाहतो. त्याला आधी १० ड्वेमर कॉग, म्हणजे दातेरी चाके, लागतात. कॉग वितळवून धातूच्या लगडी होत नाहीत म्हणून बरेच खेळाडू ते अवशेषांतच टाकून येतात आणि मग पुन्हा हेलपाटा पडतो. पुढे हृदयाच्या जागी विकृत सोल जेम (आत्मा साठवणारे रत्न), तो ड्वेमर कन्व्हेक्टर या यंत्रामध्ये फ्लेम्स मंत्राने तापवणे आणि शेवटी कीनिंग. आर्निएल त्या रत्नावर वार करतो आणि डोळ्यांदेखत गायब होतो. कीनिंग जमिनीवर उरते आणि आर्निएलची छाया बोलावण्याचा मंत्र खेळाडूला मिळतो.

हा प्रयोग लोपाचा उलगडा मानला जातो, पण ते घाईचे आहे. इथे खरे हृदय नाही, सन्डर नाही, रेथगार्डही नाही. शिवाय आर्निएल ड्वेमर नव्हे, ब्रेटन या माणसांच्या जमातीचा. तो एकटा गेला, त्याची जमात जागेवर राहिली. वार करणारा कसा जातो एवढे यातून दिसते. सगळ्या ड्वेमरांना एकत्र बांधणारा धागा कोणता, ते दिसत नाही. ड्वेमर न्युमिडियमच्या अंगात विरले, हा चाहत्यांचा आवडता तर्क नेमका याच जागी बसतो. गेममध्ये त्याला निर्णायक पुरावा नाही, पण सगळी जमात एकाच वेळी का गेली याचे उत्तर द्यायचा प्रयत्न निदान तो करतो.