सुट्टी वाढली, मजुरीचे काय? कामाच्या आठवड्याची पार्श्वभूमी

पगाराला कात्री न लावता कामाचा आठवडा लहान करावा, ही मागणी नवी वाटत असली तरी तिच्या मागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्या काळात आपल्याकडे तास कमी झाले, सुट्ट्याही मिळाल्या. रोजंदारीवरच्या कामगाराची त्या दिवसाची मजुरी मात्र बहुतेक वेळा चर्चेबाहेरच राहिली.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी उभारलेल्या लढ्यामुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढे कायद्याने आठवड्याची मर्यादा १९२२ साली ६० तासांवर, १९३४ साली ५४ तासांवर आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना, १९४६ साली, ४८ तासांवर आणली. कोल्हापूर संस्थान असल्याने १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी स्थापन केलेल्या शाहू मिलला ब्रिटिश हिंदुस्थानचे हे कायदे थेट लागू नव्हते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि महिन्याभरातच, १ एप्रिलला, ४८ तासांची मर्यादा कायम ठेवणारा १९४८चा कारखाने अधिनियम अमलात आला. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या या अधिनियमाचे कलम ५२ साप्ताहिक सुट्टी देत होते, पण त्या दिवसाच्या मजुरीविषयी ते काहीच बोलत नव्हते. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) हजेरीवर अथवा नगावर काम करणाऱ्या मोल्डरला, म्हणजे साचे तयार करणाऱ्या कामगाराला, ही उणीव थेट भोवते: भट्टी बंद राहिली की हजेरीपत्रकातला त्याचा रकाना कोरा राहतो आणि ती तूट त्याला ओव्हरटाइम करून भरून काढावी लागते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३५ साली ४० तासांच्या आठवड्याचा करार करताना कामगारांचे राहणीमान खालावता कामा नये, अशी स्पष्ट अट घातली होती. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात सुमारे २,५०० कर्मचाऱ्यांचे तास ४० वरून ३५-३६ वर आणले गेले आणि पगार पूर्ण ठेवला गेला.

महाराष्ट्रात २९ फेब्रुवारी २०२० पासून शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. पगार तोच राहिला, मात्र रोजचे काम सव्वासात तासांवरून आठ तासांवर गेल्याने, शासनाच्याच हिशेबानुसार, वर्षाचे तास २,०८८ वरून २,११२ झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच ठेवली. या चौकटीत चार दिवसांचा आठवडा बसू शकतो, पण भट्टीसमोर रोज १२ तास काढून मिळालेल्या सुट्टीला कामातली कपात म्हणणे कामगारावर अन्याय करणारे आहे. खरोखर ४८चे ४० तास करून कामगाराच्या हातात तेवढेच पैसे पडायचे, तर तासाचा दर २० टक्क्यांनी वाढवावा लागेल.