साखर कारखान्यातलं स्पेअर पार्टचं नियोजन

मशीन बंद पडायच्या आधीच कुठला पार्ट किती ठेवायचा, कुठला कधी मागवायचा आणि कुठला ऐनवेळी आणता येतो हे ठरवून ठेवणं म्हणजे स्पेअर पार्टचं नियोजन. लागतं सगळ्याच कारखान्यांना, पण महाराष्ट्रात याची खरी कसोटी साखर कारखान्यात लागते, कारण सीझन ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साधारण मार्च-एप्रिलपर्यंतचा, काम चोवीस तास, आणि मिल थांबली तरी तोडलेला ऊस काही थांबत नाही, गाड्या यार्डात उभ्या राहतात, ऊस वाळून वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो आणि तोडणीवाल्यांचा, वाहतूकदारांचा दिवस वाया जातो.

म्हणून निम्मं काम ऑफ सीझनलाच होतं. पावसाळ्यात मिल खोलतात, रोलर, ट्रॅश प्लेट, स्क्रेपर, केन कॅरियरची चेन, फायबरायझरचे हॅमर, सेंट्रिफ्युगलच्या जाळ्या, बॉयलरच्या ट्यूब सगळं तपासून इंडेंट म्हणजे लागणाऱ्या मालाची मागणी काढतात. हा इंडेंट मागच्या सीझनच्या वापरावरून निघाला पाहिजे, नुसत्या अंदाजाने काढला की मोळी पडल्यावर, म्हणजे गाळप सुरू झाल्यावर, धावपळ ठरलेली.

पार्टची वर्गवारी दोन तऱ्हेने करतात. एबीसी म्हणजे वर्षभरात त्या पार्टवर होणाऱ्या एकूण खर्चावरून आणि व्हीईडी (व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल) म्हणजे गरजेवरून, पार्ट नसला तर प्लांट थांबतो, अडतो की चालून जातं यावरून. स्टोअरमध्ये दुसरी जास्त महत्त्वाची, कारण साधं ऑइल सील किंमतीला किरकोळ असतं पण त्याच्यावाचून अख्खा पंप उभा राहतो, आणि तिथे काटकसर करणं सरळ सरळ नुकसानीचं आहे.

नेहमी लागणाऱ्या मालाचा हिशोब सोपा आहे. एखादा पार्ट महिन्याला ४ लागतो, यायला २ महिने जातात आणि ३ राखीव ठेवायचे, तर ११ शिल्लक असतानाच ऑर्डर गेली पाहिजे. मिलच्या गिअरबॉक्सचं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, मात्र कित्येक वर्षांत एकदा लागतं, तिथे सरासरीचा काहीच उपयोग नाही, असा पार्ट बनून यायला महिने जात असतील तर एक नग घेऊन ठेवावाच लागतो, त्याला इन्शुरन्स स्पेअर म्हणतात.

बाकीचं कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या डीलरकडून फोनवर येतं, रात्रीच्या एसटीने, ट्रॅव्हल्सने किंवा कारखान्याचीच गाडी पाठवून. पण इथे घोटाळा उशिरापेक्षा चुकीच्या नंबरने जास्त होतो. २२२२० नंबरचं बेअरिंग १०० मिलिमीटर बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, शेवटच्या २० ला ५ ने गुणायचं, आणि पुढे 'के' असेल तर बोअर टेपर म्हणजे निमुळतं, ते सहसा शाफ्टवर चढवलेल्या स्लीव्हवर बसतं. फोनवर 'के' सांगायचा राहिला की माल वेळेत येऊनही शाफ्टवर बसत नाही आणि परत तेवढीच फेरी. म्हणून जुन्या बेअरिंगवरचा पूर्ण नंबर, सी३ (आतल्या क्लिअरन्सची खूण) सकट, फोटो काढूनच पाठवावा. ज्या स्टोअरकीपरकडे मशीनवार असे नंबर लिहिलेले असतात तो खरंच कारखान्याचा मोठा आधार असतो.

स्टोअरमध्ये पार्ट आहे म्हणजे तो चालेलच असंही नाही. रबरी सील पडून पडून कडक होतात, बेअरिंग वापरायची वेळ येईपर्यंत खोक्यातून काढायचं नसतं, आणि राखीव मोटरचा शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवून ठेवावा लागतो.