हात टेबलावर: पोकरच्या संकेतांमागचा इतिहास

पोकरच्या टेबलावर पहिल्यांदा बसणाऱ्याला टोकले जाते ते खेळावरून नव्हे, वागण्यावरून. पाने टेबलाच्या कडेखाली नेऊ नका. आपली पाळी येऊ द्या. चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, मधल्या ढिगात भिरकावू नका, आपल्यापुढे नीट मांडा. डाव सोडला असेल, तर आपल्याकडे कोणती पाने होती ते आता बोलू नका. नवख्याला हे सोवळे जरा जास्तच वाटते. समोरच्याला चकवणे हाच ज्या खेळाचा प्राण, त्यात इतकी शिस्त कशासाठी? पण यातल्या बऱ्याच संकेतांच्या मुळाशी गेले की तिथे कोणीतरी केलेली लबाडी सापडते. आधी संशय आला, त्यातून नियम आले, आणि सभ्यता त्यांच्या मागून आली.

पोकर रूपाला आला तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीच्या परिसरात. नाव बहुधा ‘पोक’ या फ्रेंच खेळावरून आले. सुरुवातीचा खेळ वीस पानांचा होता. दश्शीपासून एक्क्यापर्यंतची पाने, चार भिडू, प्रत्येकाला पाच. सगळा कॅट वाटून संपायचा. पाने बदलून घेण्याची सोय नव्हती, जे हातात आले त्यावर पैसे लावायचे. जो कॉवेल नावाच्या इंग्रज नटाने डिसेंबर १८२९ मध्ये लुइव्हिलहून न्यू ऑर्लिन्सकडे आगबोटीने प्रवास केला होता. त्या बोटीवर पाहिलेल्या खेळाचे त्याने आपल्या आठवणींत केलेले वर्णन हे पोकरच्या अगदी जुन्या वर्णनांपैकी एक आहे.

आगबोट ही लबाडीला फार सोयीची जागा होती. कापूस विकून रोकड घेऊन निघालेले जमीनदार आणि व्यापारी तिथे असत. त्यांच्याशी गप्पा मारत, ओळख वाढवत डाव मांडणारे धंदेवाईक पत्तेबाजही असत, आणि ते एकमेकांना ओळखत नसल्याचे सोंग करत. खिसा रिकामा झाल्याचे कळेपर्यंत ही मंडळी पुढच्या धक्क्यावर उतरून गेलेली असत. स्वतः जुगार सोडून त्याच्याविरुद्ध उभा राहिलेल्या जोनाथन ग्रीनने १८४३ मध्ये या खेळाची ओळख ‘चीटिंग गेम’, म्हणजे ठकबाजीचा खेळ, अशीच करून दिली. लोकांचा राग किती टोकाला गेला होता हे मिसिसिपीकाठच्या व्हिक्सबर्ग गावात दिसले. जुलै १८३५ मध्ये तिथल्या जमावाने पाच जुगाऱ्यांना खटला न चालवताच फासावर लटकवले.

पुढे खेळात बावन्न पानांचा कॅट आला, मग नको ती पाने टाकून नवी घेण्याची पद्धत आली. पण वाटणारा अजून भिडूंपैकीच एक असे, आणि पाने वाटणाऱ्याच्या हातात सगळा डाव असतो. म्हणून वाटप फिरते ठेवायचे, पिसून झाल्यावर शेजाऱ्याकडून कॅट कापून घ्यायचा, तळाचे पान कोणाला दिसू द्यायचे नाही. आज डीलर, म्हणजे पाने वाटणारा, टेबलाच्या मध्यभागची सगळ्यांची सामायिक पाने उघडण्याआधी वरचे एक पान बाजूला टाकतो तेही याच जातीचे. त्या पानावर खूण असेल किंवा ते कोणी पाहिले असेल, तर त्याचा उपयोग होऊ नये. वाटपाची पाळी कोणाची हे दाखवायला टेबलावर एखादी वस्तू ठेवत. हरणाच्या शिंगाच्या मुठीचा चाकू त्यासाठी वापरत आणि त्यावरून तिला ‘बक’ (नर हरीण) म्हणू लागले, असे सांगतात. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या मेजावरच्या ‘द बक स्टॉप्स हिअर’ या प्रसिद्ध पाटीतला ‘बक’ तोच मानला जातो. आजच्या टेबलावर त्याच्या जागी पांढरे गोल बटण फिरते.

हात आणि पाने सगळ्यांच्या नजरेसमोर असावीत, या अपेक्षेमागचा माझा आवडता किस्सा सॅन फ्रान्सिस्कोचा आहे. १८८८ साली तिथे केप्लिंगर नावाचा एक पत्तेबाज सतत जिंकत होता. त्याच्याबरोबर बसणारे काही भाबडे नव्हते, तेही याच धंद्यातले होते. पण त्यांना त्याची युक्ती कळेना. शेवटी एका डावात ठरल्याप्रमाणे सगळ्यांनी त्याला धरले आणि झडती घेतली. त्याच्या बाहीत एक यंत्र होते आणि त्याची दोरी कपड्यांच्या आतून गुडघ्यांपर्यंत गेली होती. गुडघे फाकवले की बाहीतून चिमटा पुढे येई, पान पकडून आत जाई. इंग्लिश जादूगार जॉन नेव्हिल मॅस्कलिन यांनी १८९४ मध्ये ही हकिगत लिहून ठेवली आहे. पकडणाऱ्यांनी केप्लिंगरला झोडपले नाही. आम्हा प्रत्येकाला असेच यंत्र बनवून दे, एवढी अट घातली! अशी यंत्रे हिंडत असतील, तर कोपर टेबलाखाली गेलेला माणूस संशयास्पद वाटणारच.

पत्त्यांच्या छपाईनेही इथे हातभार लावला. जुन्या पत्त्यांच्या कोपऱ्यात अंक नसत, त्यामुळे पाने हातात धरून चांगली पसरावी लागत. १८७० च्या दशकात कोपऱ्यात अंक आणि चिन्ह छापलेले पत्ते रुळले. आता अंगठ्याने नुसता कोपरा उचलून चौकटचा गुलाम आहे की बदामची राणी, हे कळू लागले. पान टेबलावरून न उचलता पाहण्याची आजची लकब त्यामुळे शक्य झाली.

पैशाचे संकेत वेगळ्या भांडणांतून आले. खिशात जास्त पैसा असलेल्याने एवढी मोठी बोली लावायची की दुसऱ्याला चांगली पाने असूनही डाव सोडावा लागावा, हा उघड अन्याय होता. त्यावर ‘साइट’ची पद्धत निघाली. आपल्याजवळ आहे तेवढे लावून पाने पाहण्याचा हक्क मागायचा. तिचेच रूप पुढे टेबलावरच्या रकमेच्या नियमात स्थिरावले. डाव सुरू होताना तुमच्यापुढे जे आहे तेवढ्यावरच खेळ चालणार, मधेच खिशातून नोटा काढायच्या नाहीत. याच नियमाची दुसरी बाजू अशी, की जिंकलेल्या चिप्स गुपचूप खिशात सारायच्याही नाहीत. मोठ्या किमतीच्या चिप्स लहान चिप्सच्या आड दडवायच्या नाहीत हेही त्यातच आले. समोरच्याला तुमच्याजवळ किती आहे ते दिसलेच पाहिजे.

हा नदीकाठचा खेळ दिवाणखान्यात कसा पोचला, याची एक कथा आहे. ब्रिटनमधले अमेरिकेचे राजदूत रॉबर्ट शेंक यांनी १८७० च्या दशकाच्या आरंभी सॉमरसेटमधल्या एका यजमानीणबाईंसाठी पोकरचे नियम लिहून दिले आणि त्यांनी ते खासगीत छापून घेतले. उच्चभ्रू वर्तुळात पोकर शिरला तो असा. पुढे याच शेंक यांनी युटातल्या एका चांदीच्या खाणीला आपले नाव वापरू दिले, ब्रिटिश गुंतवणूकदारांचे पैसे बुडाले आणि १८७६ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. पण दिवाणखान्यात वाढलेला पोकर वेगळा झाला. तिथे कोणी बाहीत यंत्र घेऊन येत नव्हते. आपण एकमेकांशी कसे वागतो, हा प्रश्न आता उरला होता.

काही बाबतींत दिवाणखान्याचे मत काळाबरोबर बदललेही. चांगली पाने हातात असताना आधी गप्प राहायचे आणि कोणी बोली लावली की ती वाढवायची, हे कित्येक घरगुती डावांत हलकटपणाचे मानत आणि त्यावर बंदी असे. आज तो सर्रास खेळला जाणारा डावपेच आहे.

बोली एकाच कृतीत लावायची, हा संकेत मात्र टिकला आणि तो टिकायलाच हवा. काही जण थोड्या चिप्स पुढे करत, समोरच्याचा चेहरा न्याहाळत, आणि तो घाबरलाय असे दिसले की ‘...आणि वर एवढे’ म्हणत आणखी सरकवत. एका बोलीच्या किमतीत दोनदा विचार करण्याची ही चोरटी संधी होती. म्हणून आता आधी रक्कम बोला, किंवा एकदाच हात पुढे करा. तोंडातून गेलेला शब्द बांधील. चिप्स मधल्या ढिगात फेकू नयेत, यामागेही हेच आहे. त्या मिसळल्या की तुम्ही खरोखर किती टाकल्या ते कोण मोजणार?

एक नियम तर असा आहे की तो वापरणे हेच पुष्कळदा असभ्य ठरते. शेवटच्या बोलीला उत्तर दिले गेले की हरलेली पाने पाहण्याचा हक्क मागता येतो. दोघांनी संगनमत करून तिसऱ्याला लुबाडले तर ते उघड व्हावे, म्हणून ही तरतूद आली. पण संशयाचे काही कारण नसताना निव्वळ कुतूहलापोटी, किंवा हरलेल्याला ओशाळवायला, ‘दाखव, काय घेऊन बसला होतास’ म्हणणे मला फार कोते वाटते. हक्क आहे म्हणून तो दर वेळी बजावायचा नसतो.

कायद्यानेही या रीती घडवल्या. कॅलिफोर्नियाने १८८५ मध्ये ‘स्टड-हॉर्स पोकर’वर, म्हणजे काही पाने उघडी वाटून खेळायच्या प्रकारावर, बंदी घातली. पाने बदलून खेळायचा पोकर मात्र कौशल्याचा असल्याने बंदीत येत नाही, असे मत राज्याच्या महाधिवक्त्यांनी १९११ मध्ये दिले. त्या फटीतून गार्डेना शहरात १९३६ पासून पत्त्यांचे क्लब उभे राहिले. तिथे पाने भिडूच वाटत, क्लब दर अर्ध्या तासाला बसण्याचे शुल्क घेई. रोज तीच मंडळी समोरासमोर येत, म्हणून वाईट वागणारा लगेच माहीत होई. लास व्हेगासमध्ये कॅसिनोमालक बेनी बिनियन यांनी १९७० मध्ये ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ ही स्पर्धामालिका सुरू केली तेव्हाही वर्तुळ इतके लहान होते की पहिल्या वर्षीचा विजेता, जॉनी मॉस, खेळाडूंच्या मतांनी ठरला. अशा जागी लेखी शिष्टाचाराची गरज कमीच पडते.

ते वर्तुळ एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला फुटले. ब्रिटनच्या चॅनल फोरने १९९९ मध्ये टेबलातल्या कॅमेऱ्यांनी झाकलेली पाने प्रेक्षकांना दाखवली आणि टेबलावरची बडबड हा करमणुकीचा भाग झाला. २००३ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला हिशेबनीस ख्रिस मनीमेकर ती जिंकून २५ लाख डॉलर घेऊन गेला. तीनच वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच स्पर्धेत ८,७७३ जण बसले. त्यातले कितीतरी पडद्यावर खेळायला शिकलेले होते. पानांना हात न लावता, कोणाच्या डोळ्यांत न पाहता शिकलेले.

त्याआधीच, २००१ मध्ये, मॅट सॅव्हेज, लिंडा जॉन्सन, जॅन फिशर आणि डेव्ह लॅम्ब यांनी स्पर्धा-संचालकांची संघटना स्थापन केली होती. प्रत्येक कार्डरूमची, म्हणजे पत्ते खेळण्याच्या जागेची, रीत वेगळी असल्याने होणारे वाद मिटवणे, हा तिचा हेतू. तिच्या नियमावलीच्या आरंभीच खेळाचे हित आणि न्याय्यता यांना प्राधान्य दिले आहे. एका हातावर एकच खेळाडू, म्हणजे शेजाऱ्याचा सल्ला घ्यायचा नाही, हे त्यात आहे. दुसऱ्याच्या पानांना वा चिप्सना उगाच हात लावणे, वारंवार पाळीआधी खेळणे, शिवीगाळ, अति बडबड, इतरांना त्रास होईल अशी अस्वच्छता, हे सगळे शिष्टाचारभंगात मोजले आहे. स्वच्छतेबद्दल लिहावे लागले, यावरूनच तिथे तासन्‌तास किती अनोळखी माणसे खेटून बसत असतील याची कल्पना येते.

तरी सगळे कलमांत मावत नाही. आपलीच पाने सर्वांत मोठी आहेत हे पक्के ठाऊक असताना चेहरा पाडून बसायचे, समोरच्याला क्षणभर जिंकल्यासारखे वाटू द्यायचे आणि मग सावकाश पाने उलटायची. याला ‘स्लो रोल’ म्हणतात. त्याने एक डॉलरही जास्त मिळत नाही. बोली संपलेली असते, उरतो फक्त दुसऱ्याचा पाणउतारा. ब्लफ करून, म्हणजे चकवून, हरवणे हा खेळ आहे, स्लो रोल हा खेळ नव्हे. नवख्याच्या चुकीच्या डावावर त्याला भर टेबलावर शिकवणी देणेही मी याच्याच शेजारी ठेवतो. बार्बरा एनराइट १९९५ मध्ये मुख्य स्पर्धेच्या अंतिम टेबलापर्यंत पोचणारी पहिली स्त्री ठरली, म्हणजे ती स्पर्धा सुरू झाल्यावर तब्बल पंचवीस वर्षांनी. टेबलावरची भाषा कोणाला दूर ठेवते, याचा विचार करायला ही संख्या पुरेशी आहे.

सध्या सर्वाधिक कुरबूर वेळेवरून होते. साध्या निर्णयालाही मिनिटभर दगडासारखे बसायचे, म्हणजे अवघड निर्णयाच्या वेळी चेहऱ्यावरून काही कळणार नाही, असा काहींचा हिशोब असतो. पूर्वी समोरच्यावर घड्याळ लावायला सांगणे उद्धटपणाचे वाटे, लोक बराच वेळ संकोचाने थांबत. संघटनेच्या जुन्या नियमात घड्याळ लावल्यावर ५० सेकंद आणि वर १० सेकंदांची उलटी मोजणी मिळे. २०१७ मध्ये ती २५ आणि ५ वर आली. आता बऱ्याच स्पर्धांत घड्याळ पहिल्यापासूनच चालू असते. जास्त वेळ हवा असेल तर खेळाडू आपल्याजवळचे एखादे वेळेचे टोकन डीलरपुढे टाकतो, आणि कोणालाच कोणाला काही म्हणावे लागत नाही.