परक्यांनी लिहिलेली घटना आणि निवडून आलेल्यांनी लिहिलेली घटना: जपान व इराक

फेब्रुवारी २००३ मध्ये, इराकवरील हल्ल्याला महिनाही उरला नसताना, अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी एका भाषणात जपान आणि जर्मनीचा दाखला दिला होता. या देशांत लोकशाही रुजणार नाही असे पूर्वीही अनेकांना वाटत होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तेव्हापासून परकीय ताब्याखाली आलेल्या लोकशाहीची चर्चा निघाली की जपान आणि इराक यांची नावे जोडीने येतात. ताबा घेणारा देश एकच असला तरी दोन्हीकडे त्याने केलेले काम मात्र निराळे होते.

घटनेपुरतेच पाहिले तर तुलना चक्क उलटी पडते. जपानची घटना परक्यांनी लिहिली आणि ती टिकली. इराकची घटना निवडून आलेल्या इराकींच्या सभेने केली, पण ती सुरुवातीपासूनच वादात सापडली.

जपानने सप्टेंबर १९४५ मध्ये शरणागतीपत्रावर सह्या केल्या, तरी त्याचे सरकार, मंत्रालये आणि नोकरशाही जागेवरच राहिली. ताबा घेणाऱ्या सैन्याचे प्रमुख, अमेरिकन जनरल मॅकआर्थर यांचे मुख्यालय हुकूम काढी आणि जपानी अधिकारी ते अमलात आणीत. जपानी सरकारने तयार केलेला घटनेचा मसुदा फारच जुन्या वळणाचा वाटल्याने मॅकआर्थर यांच्या कर्मचाऱ्यांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये सुमारे आठवडाभरात नवा मसुदा लिहून काढला. त्यांतली बिआते सिरोटा अवघी बावीस वर्षांची होती. बालपण टोकियोत गेल्यामुळे तिला जपानी येत होते. जीपमधून शहरातली ग्रंथालये पालथी घालून तिने निरनिराळ्या देशांच्या घटना जमवल्या आणि स्त्रियांच्या हक्कांची कलमे लिहिली. विवाह दोघांच्या संमतीनेच आणि समान हक्कांच्या पायावर व्हावा, असे सांगणारे कलम २४ त्यातूनच आले.

इथवर वाचून कोणीही याला लादलेली घटना म्हणेल, आणि ते चूकही नाही. पण पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. अमेरिकन मसुद्यात संसदेचे एकच सभागृह होते. जपानी बाजूने आग्रह धरून दोन करून घेतली. किमान सुसंस्कृत जीवनमानाचा हक्क देणारे कलम २५ समाजवादी सदस्यांच्या आग्रहामुळे आले. ही चर्चा जिथे झाली ती संसद १८९० पासूनची होती आणि प्रौढ पुरुषांना मताधिकार १९२५ मध्येच मिळालेला होता. एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत स्त्रियांनीही मतदान केले आणि ३९ स्त्रिया निवडून आल्या. याला काळी बाजूही आहे. मसुदा मुख्यालयाने लिहिला, असे छापण्यास वृत्तपत्रांना मनाई होती. सम्राटाला युद्धगुन्ह्यांच्या खटल्यातून वगळले गेले. लोकशाही शिकवणाऱ्यांनीच सेन्सॉरची कात्री चालवावी, यातला विरोधाभास लपत नाही.

इराकमध्ये घटनेचा विषय निघण्याआधीच राज्ययंत्रणा मोडली गेली. मे २००३ मध्ये अमेरिकेने नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर यांच्या प्रशासनाचा पहिला आदेश सद्दाम हुसेन यांच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार स्तरांवरील सदस्यांना सरकारी नोकरीतून काढणारा होता, आणि त्यानंतर आठवड्याभरातच निघालेल्या दुसऱ्या आदेशाने सैन्य बरखास्त केले. नोकरीसाठी पक्षात गेलेले शिक्षकही त्यात भरडले गेले आणि शस्त्र चालवता येणारे लाखो लोक एका फटक्यात बेकार झाले. जुलैत नेमलेल्या २५ जणांच्या प्रशासकीय परिषदेत शिया, सुन्नी, कुर्द अशा हिश्शांनी जागा वाटल्या गेल्या आणि तोच हिशेब पुढे मंत्रिमंडळांतही शिरला.

निवडणुकीचा आग्रह तरी ताबा घेणाऱ्यांचा होता का? इराकमधील शियांचे ज्येष्ठ धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानी यांनी जून २००३ मध्येच फतवा काढून बजावले होते की घटना लिहिणारे लोकांनी निवडलेलेच असले पाहिजेत, आणि त्या दबावापुढे अमेरिकेला आपले वेळापत्रक बदलावे लागले. जानेवारी २००५ च्या मतदानावर मात्र बहुतेक सुन्नींनी बहिष्कार घातला. सगळा देश एकच मतदारसंघ धरल्यामुळे जिथे मतदान झाले नाही तिथल्या जागा आपोआप इतरांकडे गेल्या. अनबार प्रांतात तर जेमतेम दोन टक्के लोकांनी मत दिले. निवडून आलेल्या सभेत सुन्नी आवाज नगण्य उरला आणि मसुदा समितीत त्यांच्या प्रतिनिधींना मागाहून नेमून घ्यावे लागले.

ऑक्टोबर २००५ च्या सार्वमतात तीन प्रांतांनी दोन तृतीयांश मतांनी नकार दिला असता तर घटना फेटाळली गेली असती. अनबार आणि सलाहुद्दीन यांनी तसा नकार दिला. निनेवेमध्येही बहुमत विरोधातच गेले, पण दोन तृतीयांशाला कमी पडले. मतदानाच्या काही दिवस आधी सुन्नी नेत्यांतील एका गटाला शब्द दिला होता की नवी संसद सुरुवातीच्या काही महिन्यांतच दुरुस्त्या हाती घेईल. त्यासाठी समिती नेमली गेली. दुरुस्त्या मात्र मंजूर झाल्या नाहीत.