चित्र फाटणे आणि चित्र नासणे: ग्राफिक कार्डाच्या दोन निराळ्या तक्रारी

दूध फाटले काय किंवा नासले काय, आपल्या स्वयंपाकघरात त्याचा अर्थ एकच होतो. संगणकाच्या पडद्यावर मात्र चित्र फाटणे आणि चित्र नासणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला गेम खेळणारे टेअरिंग म्हणतात आणि दुसरीला आर्टिफॅक्ट. दोन्हींत चित्र मोडलेले दिसते, दोन्ही गेम रंगात आलेला असतानाच डोळ्यांत भरतात, आणि दुकानात गेल्यावर दोन्हींचे वर्णन ‘स्क्रीन फाटतेय’ या एकाच वाक्यात केले जाते. पहिलीत यंत्राचा कोणताही भाग बिघडलेला नसतो, दुसरीत मात्र बहुधा काहीतरी खरोखरच बिघडलेले असते. त्यामुळे ही गल्लत नेमकी खिशाला लागते.

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी एक वापरलेले ग्राफिक कार्ड, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारा संगणकाचा भाग, विकत घेतले आणि आपल्या जुन्या मॉनिटरला जोडले. गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये वळण घेताना रस्त्याकडेचे दिव्याचे खांब मधोमध कापल्यासारखे दिसू लागले. दुरुस्तीच्या दुकानात त्याला सांगण्यात आले, की चिपखालचे सोल्डर सुटले आहे आणि रीबॉलिंग, म्हणजे चिप काढून तिच्याखाली नवे सोल्डर बसवण्याचे काम, करावे लागेल. पैसे देण्यापूर्वी त्याने मला फोन केला हे बरे झाले, कारण त्या कार्डाला तेव्हा काहीही झालेले नव्हते.

खांब का कापले गेले, हे समजण्यासाठी मॉनिटर चित्र कसे काढतो ते पाहावे लागते. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा, म्हणजे सुमारे १६.६७ मिलिसेकंदांना एकदा, पडद्यावरचे चित्र नव्याने रेखतो, आणि तेही एका दमात नव्हे तर वरून खाली, ओळीमागून ओळ. ग्राफिक कार्ड मात्र आपल्या गतीने फ्रेम, म्हणजे एकेक पूर्ण चित्र, तयार करत असते. एखादी फ्रेम ८ मिलिसेकंदांत होते, तर दृश्यात धूर आणि गर्दी आली की पुढचीला २० मिलिसेकंद लागतात. मॉनिटर पडद्याच्या मध्यापर्यंत पोहोचलेला असताना कार्डाने नवी फ्रेम पुढे केली, तर वरचा अर्धा भाग जुन्या क्षणाचा आणि खालचा अर्धा भाग नव्या क्षणाचा राहतो. टाळ आणि मृदंग दोन्ही सुरेख वाजत आहेत, पण लय जुळलेली नाही, असा हा प्रकार आहे.

टेअरिंगची सगळी लक्षणे यातूनच निघतात. चीर नेहमी आडवी आणि पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत असते. तिच्या वरचे चित्र निर्दोष असते, खालचेही निर्दोष असते, फक्त दोन्ही एकमेकांपासून सरकलेले असतात. दृश्य स्थिर असेल तर जुनी आणि नवी फ्रेम सारखीच असल्यामुळे चीर दिसत नाही. कॅमेरा डावीकडून उजवीकडे वेगाने फिरला की खांब, दरवाजे, झाडांचे बुंधे अशा उभ्या रेषांवर ती ठळक उमटते. फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगापेक्षा जास्त असेल तरच टेअरिंग होते, असा समज सर्रास आढळतो, पण तो बरोबर नाही. वेग कमी असला तरी फ्रेम बदलण्याची वेळ मॉनिटरच्या रेखण्याच्या मध्यात येऊ शकतेच.

उपाय अर्थातच लय जुळवण्याचा. व्ही-सिंक चालू केले की मॉनिटर एक चित्र संपवून पुन्हा वर जाईपर्यंत कार्ड नवी फ्रेम पुढे करत नाही, आणि चीर नाहीशी होते. त्याची किंमतही आहे. साध्या दोन बफरांच्या, म्हणजे फ्रेम ठेवण्याच्या दोनच जागांच्या, पद्धतीत फ्रेमला १६.६७ मिलिसेकंदांहून किंचित जरी जास्त वेळ लागला, तरी तिला पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते आणि वेग ६० वरून एकदम ३० वर येतो. शिवाय माउस हलवणे आणि पडद्यावर परिणाम दिसणे यांतील अंतर वाढते. नेमबाजीच्या गेममध्ये हे अंतर जाणवते, म्हणून अनेक अनुभवी खेळाडू चीर पत्करतात पण व्ही-सिंक लावत नाहीत, आणि त्यांचे ते गणित मला योग्यच वाटते.

खरा तोडगा निघाला तो मॉनिटरलाच कार्डाच्या गतीने चालायला लावल्यामुळे. ग्राफिक चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये जी-सिंक जाहीर केले. त्यासाठी मॉनिटरमध्ये खास मॉड्यूल बसवावे लागत असे. २०१४ मध्ये व्हेसा या मानक ठरवणाऱ्या संस्थेने अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक ही सोय डिस्प्लेपोर्टच्या मानकात आणली आणि २०१५ मध्ये तिची स्पर्धक कंपनी एएमडी हिच्या फ्रीसिंकचे मॉनिटर बाजारात आले. पुढे जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाच्या कार्डांवरही अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंकचे मॉनिटर चालू लागल्यामुळे ही सोय सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली. मात्र ती मॉनिटरच्या वेगाच्या ठरावीक पट्ट्यातच काम करते. पट्टा ४८ ते १४४ हर्ट्झचा असेल, तर फ्रेमचा वेग १४० च्या आसपास रोखून ठेवावा, कारण वरची मर्यादा ओलांडली की चीर परत येऊ शकते. अनेकदा मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतही ही सोय वेगळी चालू करावी लागते, आणि ते न केल्यामुळे ती असूनही वापरात नसलेले मॉनिटर मी बरेच पाहिले आहेत.

आता नासलेल्या चित्राकडे वळू. ग्राफिक कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते. भिंतींचे, कपड्यांचे, मातीचे टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागांची चित्रे, प्रत्येक वस्तूच्या आकाराचे बिंदू आणि तयार होत असलेली फ्रेम हे सारे तिथे साठवलेले असते. या मेमरीत किंवा मुख्य चिपमध्ये एखादा आकडा चुकीचा वाचला किंवा लिहिला गेला, की मूळ माहितीच बदलते. टेक्स्चरमधला आकडा चुकला तर भलत्याच रंगाचे चौकोन उमटतात. आकाराच्या बिंदूचा आकडा चुकला तर माणसाच्या खांद्यातून निघालेला त्रिकोण आभाळापर्यंत ताणलेला दिसतो. माहिती अनेक मेमरी चिपांवर ठरावीक क्रमाने वाटून ठेवलेली असल्यामुळे एकच चिप बिघडली, तर ठिपके किंवा चौकोन अनेकदा सतरंजीच्या नक्षीसारखे सारख्या अंतरावर दिसतात. ही नक्षी ओळखता येणे फार उपयोगाचे आहे, कारण ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, चुकीमुळे इतकी नियमित नक्षी क्वचितच तयार होते.

चित्र नासण्यासाठी कॅमेरा हलण्याची गरज नसते. गेम थांबवला, मेनू उघडला, तरी डाग तसेच राहतात किंवा जागच्या जागी लुकलुकतात. बिघाड वाढलेला असेल तर विंडोज सुरू होण्यापूर्वीच्या पडद्यावरही रेघा दिसतात. तिथे विंडोजचा ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो, त्यामुळे असे दिसल्यास ड्रायव्हर पुनःपुन्हा टाकण्यात वेळ घालवू नये.

या दोन्हींचा निवाडा करणारी एक चाचणी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही: तक्रार पडद्यावर दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो दुसऱ्या यंत्रावर, म्हणजे अगदी मोबाइलवरही, उघडून पाहावा. स्क्रीनशॉट पूर्ण झालेल्या फ्रेमवरून तयार होतो, तर चीर मॉनिटरकडे चित्र जाताना पडते. म्हणून टेअरिंग स्क्रीनशॉटमध्ये सहसा सापडत नाही, आणि मेमरीतच नासलेले चित्र जसेच्या तसे सापडते. पडद्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मात्र पुरावा म्हणून धरू नये. मोबाइलचा कॅमेराही दृश्य ओळीओळीने टिपतो, त्यामुळे निर्दोष पडद्यावरही त्याला पट्टे दिसतात, आणि असे व्हिडिओ पाहून व्हॉट्सअ‍ॅपवरच कार्ड निकालात काढल्याची उदाहरणे मला ठाऊक आहेत.

स्क्रीनशॉट स्वच्छ आहे, पण पडद्यावर ठिपके, चमचम किंवा मधूनच काळोख दिसतो, अशीही एक अवस्था असते. तेव्हा संशय केबलवर, जोडणीवर किंवा मॉनिटरवर घ्यावा. मॉनिटरच्या बटणाने त्याचा स्वतःचा मेनू उघडावा. तो मेनू मॉनिटर स्वतः काढतो, कार्डाचा त्याच्याशी संबंध नसतो. डाग किंवा रेघा त्या मेनूवरही आल्या तर दोष मॉनिटरचा. मेनू स्वच्छ राहिला तर आधी केबल बदलून पाहावी.

स्क्रीनशॉटमध्ये डाग सापडले म्हणजे कार्ड गेलेच, असे मात्र नाही. तक्रार एकाच गेममध्ये, एकाच ठिकाणी येत असेल तर दोष बहुधा गेमचा किंवा ड्रायव्हरचा असतो. अशा वेळी गेमच्या फाइली तपासून घ्याव्यात, शेडरचा (गेमच्या प्रकाश-रंगाच्या छोट्या प्रोग्रॅमचा) साठा पुसावा, आणि जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये पूर्ण काढून नवा टाकावा. निरनिराळ्या गेममध्ये तेच डाग येत असतील तर कार्डाकडेच पाहावे लागते. मध्येच पडदा काळा होऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले’ अशा अर्थाचा संदेश येणे, हेही त्याच संशयाला बळ देते. कार्डाने साधारण २ सेकंदांत उत्तर दिले नाही तर विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करते, त्याचा तो संदेश असतो.

पुण्यात या संशयाची पहिली तपासणी उष्णतेची असावी. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर ४० अंश असताना बंद खोलीतल्या कॅबिनेटला थंड हवा मिळणार कोठून? त्यात वाकड, बाणेर, हिंजवडी या भागांत बांधकामांची धूळ इतकी असते, की कॅबिनेटची जाळी दोन-तीन महिन्यांत बुजते. जाळी, पंखे आणि कार्डाच्या पत्र्यांमधली धूळ काढावी; हवेच्या झोताने साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवावा. कार्डाचा वेग वाढवलेला असेल तर तो मूळ पदावर आणावा. मग आफ्टरबर्नरसारख्या, कार्डाचा वेग बदलू देणाऱ्या प्रोग्रॅमने मेमरीचा वेग २००-३०० मेगाहर्ट्झने कमी करून तोच गेम पुन्हा चालवावा. डाग नाहीसे झाले किंवा स्पष्टपणे घटले, तर दोष मेमरीच्या बाजूचा आहे हे जवळपास ठरते. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, कमकुवत असला तरी भार वाढताच असेच प्रकार होऊ शकतात, म्हणून शक्य असल्यास कार्ड मित्राच्या संगणकात लावून पाहावे.

रीबॉलिंगचा आणि ‘हीट मारून देतो’ याचा प्रश्न इथे येतो. चिपखालचे शिशाविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळू लागते. घरच्या ओव्हनमध्ये किंवा हीट गनने कार्ड तापवल्यावर ते काही दिवस चालते, पण ते सोल्डर नीट वितळून बसल्यामुळे नव्हे. भाग तापून थोडे हलतात, तुटलेला स्पर्श तात्पुरता जुळतो आणि तक्रार परत येते. खराब मेमरी चिप नेमकी शोधून ती बदलणे ही खरी दुरुस्ती आहे, आणि ती करू शकणारे कारागीर आहेत. ‘कोणती चिप आणि कशावरून?’ हा प्रश्न त्यांना जरूर विचारावा. ज्याने तपासले आहे तो उत्तर देतो.

वापरलेले कार्ड घेताना ही काळजी दुप्पट हवी. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक कार्डांवरचे मायनिंग, म्हणजे गणिते सोडवून चलन कमावण्याची पद्धत, बंद केल्यानंतर अहोरात्र राबलेली कार्डे मोठ्या संख्येने विक्रीला आली, आणि त्या कामात सर्वाधिक ताण मेमरीवर पडत असे. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या बाजारात घ्या किंवा ओळखीतून घ्या, निदान अर्धा तास भार टाकून आणि मेमरीची चाचणी चालवून मगच पैसे द्यावेत.

भाच्याच्या कार्डाचा स्क्रीनशॉट त्या दिवशी स्वच्छ निघाला, व्ही-सिंक लावल्यावर खांब सरळ झाले आणि रीबॉलिंगचे पैसे वाचले. पुढच्या एप्रिलमध्ये त्याचा पुन्हा फोन आला. या वेळी गेमच्या मेनूवरही हिरवे चौकोन होते आणि त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्येही ते होते. धूळ काढून भागले नाही, मेमरीचा वेग २५० मेगाहर्ट्झने उतरवल्यावर मात्र चौकोन गेले. त्याच उतरवलेल्या वेगावर तो अजून खेळतो आहे, आणि नव्या कार्डासाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकतो आहे.